आटे नसलेली .२२: रेमिंग्टन ५१० आठ महिने वापरल्यावर

बंदुकांच्या प्रदर्शनात ही जुनी .२२ इंची रेमिंग्टन ५१० रायफल विकणारा म्हणाला, "नळी संपलीय हो, आटे पार गेलेत. भिंतीवर लावायला घ्या." आटे म्हणजे नळीच्या आतल्या, गोळीला गरगर फिरवणाऱ्या वळणदार खाचा. मी ओहायोत शेताच्या कडेला राहतो, कोंबड्यांच्या खुराड्यात उंदीर आहेत, मला भिंतीवरची नको होती. तरी घेतली, कारण बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) काढून बॅटरी मारली तर नळी आतून आरशासारखी. झिजलेल्या नळीत आट्यांची सावली कुठेतरी उरतेच. इथे रेघसुद्धा नव्हती. एनसीसीत चिंधी-तेल करून नळ्या उजेडाकडे धरल्या होत्या, म्हणून हे डोळ्यांना चमत्कारिक वाटलं.

घरी आल्यावर नळी साफ करायचा गज घातला. बेअरिंगच्या मुठीचा गज आटेदार नळीत हातात आपोआप फिरतो. हा सरळ आत, सरळ बाहेर. मग शंका आली, कुणी नंतर ड्रिल मारून आटे काढले असतील तर? मऊ शिशाची गोळी चेंबरकडून (काडतूस बसतं त्या मागच्या टोकाकडून) तोंडापर्यंत ढकलली. सगळीकडे सारखीच घट्ट. पोखरलेल्या नळीत ती सैल पडली असती. शेवटी, कुणीतरी नळीला पुन्हा ब्लूइंग (निळसर-काळा गंजरोधक थर) करून पुसट केलेल्या अक्षरांवर पोराचा पांढरा खडू घासला, आणि 'स्मूथ बोर' (गुळगुळीत नळी) हे शब्द उमटले. म्हणजे कारखान्यातूनच अशी निघालेली, ५१०-एसबी.

सिरियल नंबर नाही म्हणून घाबरू नका. १९६८ च्या कायद्याआधी अमेरिकेत .२२ रायफलींवर तो घालायची सक्ती नव्हती. रेमिंग्टनचं वय नळीच्या डाव्या बाजूला, रिसीव्हरजवळच्या (बोल्ट सरकतो त्या भागाजवळच्या) बारीक अक्षरांत असतं. 'ब्लॅक पावडर एक्स' या इंग्रजी शब्दांच्या बारा अक्षरांत बारा महिने. त्यापुढची अक्षरं वर्षाची. माझ्यावर 'पी' आणि 'एसएस': जून १९४७. आपल्या स्वातंत्र्याच्या दोन महिने आधीची! फक्त वर्षाच्या 'एच' आणि 'जे'ला जपा. 'एच' म्हणजे १९३९ किंवा १९६१, 'जे' म्हणजे १९४० किंवा १९६२, आणि ५१० नेमकी १९३९ ते १९६२ निघाली.

वापराचं म्हणाल तर हिचं काम १० फुटांचं. १२ नंबरचे छर्रे, दाणा सव्वा मिलिमीटरचा. १० फुटांवर कागदावर ताटलीएवढा दाट ठसा, २० फुटांवर मधून उंदीर निसटेल एवढ्या फटी. तेच काडतूस शेजाऱ्याच्या आटेदार रायफलीतून मारलं, तर छर्रे गरगरून कडेला गेले आणि मध्ये भोक, मेदूवड्यासारखं. उलट हिच्यातून साधी गोळी २५ यार्डांवर मारून पाहिली, तर कागदावर लांबट भोकं. गोळी आडवी होऊन लागलेली.

तक्रारी? बोल्ट ओढला की सेफ्टी दर वेळी आपोआप लागते. नवख्याला बरं, मला अजून सवय नाही. छऱ्यांची काडतुसं साध्या गोळ्यांपेक्षा खूप महाग, आणि त्यांच्या निळ्या प्लॅस्टिकच्या रेघा नळीत राहतात.

विंचेस्टर ६७ ची गुळगुळीत आवृत्तीही चालेल, पण तिच्या बोल्टमागची गुंडी दर वेळी हाताने मागे ओढायची. रूटलेज बोर नावाची नळी दिसली तर फसू नका: चेंबरकडे .२२, तोंडाकडे .३७५ इंच. ते पोखरणं नाही, मूळचंच आहे.

पुढच्या प्रदर्शनात त्याच विक्रेत्याकडे आणखी एक 'संपलेली' ५१० होती. धावत जाऊन बॅटरी मारली. चेंबरपुढे आट्यांची सावली स्पष्ट. ती खरंच संपलेली होती.