गोबी की खांगाई? मंगोलियात पशुपालकांच्या घरी राहायला जायचं असेल तर

दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये ओळखीतलं कुणी ना कुणी फोन करतं. दहा-बारा दिवसांची रजा आहे, मंगोलियाला जायचं ठरलंय, गेरमध्ये, म्हणजे लोकरीच्या नमद्याने मढवलेल्या गोल तंबूत राहायचंय, घोड्यावर बसायचंय. मग दक्षिणेला गोबीच्या वाळवंटात जावं, की पश्चिमेला खांगाईच्या गवताळ डोंगरांत? दोन्ही एकाच फेरीत बसवून देणारे कार्यक्रम टूरवाल्यांकडे तयार असतात. ते घेऊ नका, हे आधीच सांगून टाकतो. महाराष्ट्राच्या पाचपट देश, लोकसंख्या जेमतेम ३५ लाख, आणि त्यातले जवळपास निम्मे एकट्या उलानबातर शहरात. नकाशावर दोन बोटांवर दिसणारं ठिकाण गाडीने अख्खा दिवस खातं. दोन्ही बघायला गेलात तर दहातले सात दिवस गाडीची खिडकी बघाल.

मी दोन्हीकडे गेलो, पण वेगवेगळ्या वर्षी. पहिल्यांदा गोबी. त्या कार्यक्रमपत्रिकेत 'भटक्या कुटुंबासोबत एक दिवस' असं ठळक छापलेलं होतं. प्रत्यक्षात तो दिवस पाऊण तासाचा निघाला. खारट दुधाचा चहा, वाळवलेल्या दह्याचा दगडासारखा तुकडा, उंटाबरोबर फोटो, आणि ड्रायव्हरने बाहेरून हॉर्न वाजवला. कुटुंबातल्या आजींनी आमच्यामागून आलेल्या दुसऱ्या गाडीतल्या लोकांसाठी तोच ट्रे पुन्हा भरला. चूक त्यांची नव्हतीच. मी विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला नव्हता: एकाच घरी सलग किती रात्री?

गोबी म्हणजे सगळी वाळू, हा समज पहिल्याच दिवशी जातो. बहुतेक भाग खडीचा, खुरट्या झुडपांचा सपाट माळ. वाळू बघायची तर खोंगोरीन एल्सला जावं लागतं. १०० किलोमीटरहून लांब अशी टेकड्यांची रांग. वारा सुटला किंवा माथ्यावरून घसरत खाली आलं की ती घुमते, खरंच घुमते. बायनझागच्या लाल कड्यांत १९२३ साली डायनोसॉरची अंडी सापडली. ती आधी समजले होते त्या नव्हे, दुसऱ्याच जातीच्या डायनोसॉरची होती हे कळायला पुढे सत्तर वर्षं गेली. योलीन आम ही अरुंद घळ, तिच्या तळाशी जुलैपर्यंत बर्फ टिकतं. उलानबातरहून दालानझादगाद या गोबीतल्या मुख्य गावापर्यंत साडेपाचशे किलोमीटरहून जास्त अंतर आहे, पण रस्ता डांबरी आहे आणि विमानही जातं. त्यापुढे मात्र माळावर उमटलेल्या चाकोऱ्या, ज्यांतली नेमकी कुठली धरायची ते ड्रायव्हरलाच ठाऊक. डोळ्यांना बघायला गोबीत जास्त आहे, याबद्दल वाद नाही. फोटो तिकडचेच चांगले येतात.

पण कुटुंबांसोबत राहायचं म्हणाल, तर गोबी अवघड. चारा विरळ, म्हणून घरं विरळ. पाऊस जिथे पडला तिथे गवत, आणि जिथे गवत तिथे लोक. गेल्या वर्षीचा पत्ता यंदा कामाचा नाही. त्यामुळे टूरवाला तुम्हाला नेतो ते घर बहुतेक वेळा रस्त्याजवळचं, पाहुण्यांसाठी दोन-तीन जादा गेर उभारलेलं. तिथे जनावरं असतात, पण दुपारी दिसत नाहीत. दोन मदारींचे उंट आपले आपण चरायला जातात, तहान लागली की विहिरीवर येतात. दुपारच्या उन्हात माणसं गेरच्या खालच्या कडेचा नमदा गुंडाळून वर करतात आणि त्या फटीतून येणाऱ्या वाऱ्यात आडवी होतात. तेही एक जगणंच आहे, पण पाहुण्याने त्यात करायचं काय? उंटांच्या संदर्भातली खरी गोष्ट वसंतात घडते. पिल्लाला नाकारणाऱ्या सांडणीसमोर मोरिन खूर, म्हणजे घोड्याचं मुंडकं कोरलेलं दोन तारांचं वाद्य, वाजवत आणि आळवत बसतात, तिला पाझर फुटेपर्यंत. युनेस्कोने २०१५ मध्ये ही रीत तातडीने जपायच्या यादीत घातली. आपण जातो जुलैत. तेव्हा हे बघायला मिळत नाही.

खांगाईत कामच काम. अर्खांगाई प्रांत आणि त्याला लागून असलेलं ओरखोन नदीचं खोरं, हा टापू माझ्या मते राहायला जाण्यासाठी आहे. उलानबातरपासून खारखोरिन साधारण ३६० किलोमीटर, तिथे एर्देने झू हा सोळाव्या शतकातला मठ. पुढे त्सेत्सेर्लेग, मग तेर्खीन त्सागान नूर हे तळं आणि शेजारी खोर्गोचा विझलेला ज्वालामुखी. बघण्यासारखं एवढंच. दोन दिवसांत संपतं. उरलेला वेळ घरात.

सकाळी सहाला बायका याक आणि खैनाग (याक आणि गाईचा संकर) दोहायला बसतात. वासरू आधी लावायचं, पान्हा सुटला की ओढून बाजूला बांधायचं. हे दृश्य बघून मला आजोळचा गोठा आठवला. दूध मोठ्या कढईत तापवून, ओगराळ्याने उंचावरून पुन्हा पुन्हा ओतून फेस आणायचा आणि रात्रभर ठेवून द्यायचं. सकाळी वर जाड साय धरते, तिला उरुम म्हणतात. ती दुमडून काढायची आणि पावाला लावून साखर भुरभुरायची. मंगोलियात मांसाला नाक मुरडणाऱ्यानेही उरुमसाठी जावं. घोड्यांची शिंगरं जमिनीलगत ताणलेल्या दोरीला ओळीने बांधलेली असतात आणि घोड्या दर दोनेक तासांनी दोहतात. ते दूध कातड्याच्या पिशवीत, लाकडी रवीने घुसळत राहायचं. दारात पिशवी टांगलेली असेल तर येणाजाणाऱ्यानेही चार दणके द्यायचे, अशी पद्धत. त्याचं होतं आयराग, आंबूस, किंचित चढणारं. पहिल्या दिवशी अर्धी वाटीच घ्या. पोटाला सवय नसते, आणि स्वच्छतागृह म्हणजे माळावर तीनशे पावलांवरचा खड्डा आणि त्यावर दोन फळ्या. संध्याकाळी शेळ्या-मेंढ्या परत आल्या की त्यांना समोरासमोर तोंडं करून एका दोरीत गुंफतात, दोन्ही बाजूंनी माना अडकलेल्या, आणि बायका मागून एकेक दोहत जातात. त्या गुंफणीत मदत करता येते. सुलभ दिसतं तेवढं नाही.

इंधन म्हणजे माळावर वाळलेलं शेण, अर्गल. आपल्या रानशेण्यांसारखंच, थापायचं नाही, वाळलेलं वेचून आणायचं. पाहुण्यांना हे काम पहिल्यांदा देतात, कारण त्यात बिघडवण्यासारखं काही नसतं.

इथे आपल्याकडच्या मेंढपाळांची आठवण येतेच. पावसाळ्यानंतर पश्चिम महाराष्ट्रातले धनगर वाडे कोकणाकडे उतरतात, शेतात मेंढ्या बसवतात, खताच्या बदल्यात धान्य-पैसे घेतात. आपल्याकडचा मेंढपाळ दुसऱ्याच्या शेतावरून दुसऱ्याच्या शेतावर जातो, प्रत्येक मुक्कामाला बोलणी करतो. मंगोलियात कुंपण नाही, चराऊ जमीन कुणा एकाच्या मालकीची नाही. हिवाळ्याचा गोठा तेवढा ठरलेला. घोंगडं आपण विणतो, ते लोकर ओली करून, गुंडाळी घोड्यामागे फरफटत नेऊन नमदा बनवतात. हे फरक तिथे बोलता बोलता निघाले, कारण यजमानांनी विचारलं, तुमच्या देशात मेंढ्या कोण राखतं? भारताला ते एनेतखेग म्हणतात, आणि बुद्धाचा देश म्हणून तुमच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघतात. १९९० ते २००० या काळात लडाखचे कुशोक बकुला रिंपोछे तिथे आपले राजदूत होते. वयस्कर माणसांना ते नाव अजून लख्ख आठवतं. असल्या गप्पा पाऊण तासाच्या भेटीत होत नाहीत. तिसऱ्या रात्री होतात.

अर्थात दुभाषी हवा. ड्रायव्हर बहुधा फक्त मंगोलियन बोलतो, आणि 'आमचा ड्रायव्हर कामापुरतं इंग्रजी बोलतो' हे वाक्य ऐकलं तर वेगळा गाइड मागा, पैसे वाचवू नका. खर्चाचं गणित असं: गाडी, डिझेल आणि ड्रायव्हर हा सगळ्यात मोठा भाग, आणि तो दिवसावर असतो, डोक्यावर नाही. दोघे गेलात तर महाग, चौघे गेलात तर परवडतं. घरी राहण्याचे पैसे त्यामानाने थोडे. म्हणजे एका जागी तीन रात्री थांबलं की डिझेल वाचतं आणि तो वाचलेला पैसा निदान थोडा तरी यजमानांकडे जाऊ शकतो. टूरवाल्याला थेट विचारा, कुटुंबाला किती देता? आडवळणाने उत्तर आलं तर तेच उत्तर. गोबीत हे गणित उलटं: अंतरं मोठी, रोज गाडी चालतेच.

टुरिस्ट गेर कॅम्प हा तिसराच प्रकार, आणि पुण्या-मुंबईहून निघणाऱ्या बहुतेक ग्रुप टूर तिथेच उतरवतात. खाटा, गरम पाण्याची न्हाणी, जेवणाचा हॉल. वडीलधारी माणसं बरोबर असतील, गुडघे दुखत असतील, रात्री उठावं लागत असेल, तर कॅम्पच घ्या, आणि मग गोबी निवडा. कॅम्पमध्ये राहून दिवसा बघायचं असेल तर गोबीसारखी जागा नाही, आणि तिथले कॅम्प चांगले आहेत. माझा सगळा आक्षेप कॅम्पला 'भटक्यांसोबत मुक्काम' म्हणण्याला आहे.

शाकाहारी असाल तर दोन्हीकडे हाल, पण सारखे नाहीत. खांगाईत दूध, दही, साय, चीज, पिठाच्या शेवया, बटाटा, यावर निभतं. गोबीत दुधाचे पदार्थ कमी आणि बकऱ्याचं मांस जास्त. यजमानीणबाई तुमच्यासाठी त्सुईवानमधून, म्हणजे मांस घातलेल्या परतलेल्या शेवयांतून, मांसाचे तुकडे वेचून काढतील आणि तेच शाकाहारी म्हणून वाढतील, मनापासून वाढतील. चालत नसेल तर मेतकूट, थालीपिठाची भाजणी, लोणचं, शेंगदाण्याची चटणी बरोबर ठेवा. भाजणी तर त्यांना फार आवडली, लोणचं मुळीच नाही. उलानबातरमध्ये मात्र शाकाहारी हॉटेलं पुष्कळ आहेत, पहिला-शेवटचा दिवस सुखाचा जातो.

मंगोलियाऐवजी किर्गिझस्तान, असाही एक प्रश्न असतो. सात-आठच दिवस असतील तर त्याचा विचार कराच. सोंग-कोल तळं ३,००० मीटरवर आहे, कोचकोरहून दोन-तीन दिवस घोड्यावरून जाता येतं, गावागावांतल्या पर्यटन मंडळांमार्फत राहण्याची सोय होते, अंतरं छोटी. फक्त एवढं लक्षात ठेवा, की तिथली कुटुंबं जून ते सप्टेंबर कुरणावर येतात आणि एरवी गावातल्या पक्क्या घरात राहतात. बारमाही गेरमध्ये राहणारं घर बघायचं असेल तर मंगोलियाच. एकदम ३,००० मीटरवर पोचल्याने डोकं दुखतं तेही धरून चाला.

मंगोलियातच, खांगाईच्याही पश्चिमेला, बायन-उल्गी प्रांतात कझाक लोक सोनेरी गरुड बाळगून शिकार करतात, ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्यांचा मेळा भरतो. पहिल्या फेरीत नको. विमानाचं तिकीट वेगळं आणि थंडी वेगळी.

एक गोष्ट कुठला माहितीपत्रकवाला छापत नाही. २०२३–२४ च्या हिवाळ्यात झुद आला, म्हणजे बर्फाचा थर इतका की जनावराला गवतापर्यंत तोंड पोचवता येईना. ७० लाखांहून जास्त जनावरं मेली. कळप गेले की कुटुंबं उलानबातरच्या कडेच्या गेर-वस्तीत जाऊन राहतात. त्यामुळे तुमच्या घरी मेंढ्या किती, हा आपल्याला निरुपद्रवी वाटणारा प्रश्न पहिल्या चहाला विचारू नये. पगार विचारण्यासारखाच आहे तो. जनावरं या वर्षी धष्टपुष्ट आहेत ना, असं विचारतात. उत्तर नेहमी हो असतं.

बाकीचे रिवाज सोपे. गेरजवळ जाताना लांबूनच 'नोखोई खोर' ओरडायचं, म्हणजे कुत्रा धरा. दार वाजवत नाहीत. उंबऱ्यावर पाय नाही, आपल्यासारखंच. आत गेल्यावर डावीकडे वळायचं. मधल्या दोन खांबांतून काही द्यायचं-घ्यायचं नाही. चुलीत कचरा टाकायचा नाही. वाटी उजव्या हाताने, कोपराला डाव्या हाताचा आधार देऊन. नको असेल तरी ओठ लावून परत करायची.

तारखांचं म्हणाल तर ११ ते १३ जुलै नादाम, म्हणजे घोड्यांच्या शर्यती, कुस्ती आणि तिरंदाजीचा राष्ट्रीय उत्सव. शर्यती बघायच्या असतील तर राजधानीतल्या गर्दीपेक्षा एखाद्या सोमचा, म्हणजे तालुक्याचा, छोटा नादाम गाठा. आयराग जुलैच्या मध्यापासून मिळतं. ऑगस्टचा दुसरा पंधरवडा खांगाईसाठी मला सगळ्यात आवडतो: गवत पिवळं पडू लागतं, माशा कमी होतात, रात्री शेकोटीची थंडी. गोबीला सप्टेंबर बरा, कारण जुलैत पारा ३५ च्या वर जातो. खांगाईत सप्टेंबर धरलात तर बर्फ पडू शकतं, आणि पहाटे तीनला चूल विझल्यावर उठून अर्गल कुणी घालायचं, हे जोडीदाराशी निघण्याआधीच ठरवून घ्या.