मृगबागेची (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या लागवडीची) चार हजार ग्रँड नैन केळीची रोपं आणि सोबतचा दाखला

गेल्या साली दुसऱ्या ठिकाणाहून आणलेल्या केळीच्या रोपांवर हरण्या हा विषाणूचा रोग आला. श्रावणात चार दिवस ढगाळ हवा लागली आणि पोंग्यातून निघणाऱ्या नव्या पानांवर शिरांच्या बाजूने पिवळे पट्टे दिसायला लागले. पानं अरुंद, चुरगळलेली. साडेतीन हजारांतली नऊशे झाडं मी आणि मोठ्या दिरांनी हाताने उपटली. म्हणून यंदा ह्या नर्सरीत आले तेव्हा भाव नंतर विचारला, आधी रोपं विषाणूमुक्त असल्याचा दाखला मागितला.

तो लगेच मिळाला. टिश्यू कल्चर (प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेलं रोप) म्हटलं की रोगमुक्त, असं आपल्याकडे धरून चालतात. तसं नाही. एका कंदापासून हजारो रोपं बनतात. त्या कंदात विषाणू असला तर बाटलीतल्या रोपांतही तो जाऊ शकतो. म्हणून मातृवृक्ष तपासावा लागतो. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची त्यासाठी २००६ पासून प्रमाणीकरणाची व्यवस्था आहे. इथे बॅचचं लेबल आणि तपासणीचा कागद दोन्ही समोर ठेवले, नंबर जुळवून दाखवले.

खरे पाच तारे मात्र नर्सरीवाल्या दादांच्या समजावण्याला. मी विचारलं, हरण्या दिसला तर फवारणी कसली करू? ते म्हणाले, "ताई, विषाणूवर फवारणीच नाही." मग वहीत चित्र काढलं. हरण्या आणणाऱ्या सीएमव्हीचा (कुकुंबर मोझॅक व्हायरसचा) कण सुमारे ३० नॅनोमीटरचा, वर प्रथिनाच्या १८० एकसारख्या तुकड्यांचं कवच, आत आरएनए, म्हणजे विषाणू बनवायच्या सूचनांचा धागा. त्याला स्वतःचं खाणं नाही, वाढणं नाही. त्याचे तीन आरएनए वेगवेगळ्या कणांत भरलेले असतात, आणि तिन्ही झाडात पोहोचल्याशिवाय रोग उभा राहत नाही. हे ऐकून मी थक्क झाले. पेशीत शिरल्यावर कवच सुटतं आणि केळीचेच रायबोसोम (पेशीतले प्रथिनं बनवणारे कारखाने) तो आरएनए आपला समजून वाचायला लागतात. आधी नक्कल करणारं प्रथिन बनतं. ते आरएनएची उलटी प्रत काढतं आणि त्या उलट्या प्रतीवरून सुलट्या प्रतींचा ढीग पडतो. मग कवचाचे तुकडे बनतात, नवे कण जुळतात. आणखी एक प्रथिन दोन पेशींमधली बारीक वाट रुंद करतं, की चालला पुढच्या पेशीत. सगळं काम झाडाच्याच यंत्रणेवर चाललेलं. ती बंद पाडणारं औषध मारलं तर केळीच मरेल. गेल्या साली औषधांवर घातलेले आठ हजार कुठे गेले, ते मला त्या वहीच्या पानावर कळलं.

रोग पसरवणारी मावा कीड मारली तरी उशीर होतो, हेही त्यांनीच सांगितलं. माव्याने रोगट पानात काही सेकंद सोंड खुपसली की विषाणू सोंडेला चिकटतो आणि पुढच्या झाडावर तितक्याच वेळात उतरतो. त्यामुळे बांधावर मका दाट लावायचा, आत काकडी, मिरची, टोमॅटो घ्यायचं नाही, आणि पट्टा दिसलेलं झाड त्याच दिवशी मुळासकट काढायचं.

एक गोष्ट खटकली. नेटहाऊसच्या दारालाच काकडीचा वेल चढलेला होता. सीएमव्हीचं नावच काकडीवरून पडलंय! मी बोलून दाखवलं, दुसऱ्या दिवशी वेल काढल्याचा फोटो आला. गाडी दोन दिवस उशिरा आली, साठेक रोपं मोडलेली होती, ती बदलून मिळाली. रोपाला १६ रुपये पडले, पाच-सहा पानं, मुळं पांढरीशुभ्र.

लागवडीला ७५ दिवस झालेत. आतापर्यंत चौदा झाडं काढली, आणि चौदाही शेजारच्या मिरचीच्या बांधाला लागून असलेल्या दोन ओळींतली. मधल्या बागेत एकही नाही. म्हणजे रोग रोपांतून आला नाही, मिरचीकडून आला. तिकडे मका विरळ उगवला होता, ती चूक आमची.

कांदेबागेसाठी (पावसाळ्यानंतरच्या लागवडीसाठी) दोन हजार रोपं सांगून ठेवलीत. नव्या बॅचच्या दाखल्याचा फोटो आला, मगच पैसे भरले.