४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर, एक खरीप आणि एक रब्बी: वापरानंतरचा अनुभव

आमची जमीन काळी आणि खोल आहे. खरिपात सोयाबीन आणि तूर, थोड्या क्षेत्रावर हळद आणि रब्बीला हरभरा अशी पिके आम्ही घेतो. घरातला पहिला ट्रॅक्टर ४५ अश्वशक्तीच्या गटातला घेतला आणि त्यावर आता दोन्ही हंगाम पार पडले आहेत. त्याच्या ताकदीविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही; पल्टी नांगर, सहा फुटी रोटाव्हेटर, पेरणी यंत्र आणि भरलेली ट्रॉली या गटातले बहुतेक ट्रॅक्टर ओढतात. लिहायचे आहे ते वापराविषयी. विक्रेत्याच्या आवारात ट्रॅक्टर ताब्यात देताना गिअर, ब्रेक आणि हॉर्न दाखवले जातात, पण शेतात ज्याच्यावर सगळे अवलंबून असते ते बहुधा दाखवले जात नाही. म्हणून पहिल्यांदा ट्रॅक्टर घेणाऱ्याने मराठीतली वापर पुस्तिका मागून घ्यावी आणि विक्रेत्याच्या मेकॅनिकला आपल्या शेतात, आपल्याच अवजारांसह अर्धा दिवस थांबवून घ्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

सुरुवातीचे ५० तास सर्वांत महत्त्वाचे असतात. या काळात इंजिनाचे आणि गिअरचे भाग एकमेकांत बसत असतात आणि झिजलेल्या धातूचे बारीक कण तेलात उतरतात. त्यामुळे ५० तासांची पहिली सर्व्हिसिंग, म्हणजे तेल आणि फिल्टर बदलणे, कितीही घाई असली तरी पुढे ढकलू नये. त्यानंतरचे वेळापत्रक तारखेवर न ठेवता अवर मीटरवर, म्हणजे इंजिन चाललेले तास मोजणाऱ्या मीटरवर, ठेवावे, कारण नांगरटीच्या हंगामात महिन्याभरात जितके तास भरतात तितके पावसाळ्यात तीन महिन्यांतही भरत नाहीत. आम्ही मडगार्डजवळच्या पेटीत एक वही ठेवली आहे. तिच्यात काम, तास, डिझेल आणि तेल यांची नोंद होते. रोटाव्हेटरला एखाद्या दिवशी डिझेल नेहमीपेक्षा जास्त लागले तर ते या वहीतच आधी दिसते आणि मग पाती, हवेचा फिल्टर किंवा टायरची हवा तपासायचे सुचते.

हायड्रॉलिकच्या दोन दांड्यांतला फरक समजला नाही तर ट्रॅक्टरचा निम्मा उपयोग वाया जातो. पोझिशनची दांडी अवजार ठरलेल्या उंचीवर धरून ठेवते, म्हणून ती रोटाव्हेटर, फवारणी यंत्र आणि वाहतुकीसाठी वापरावी. ड्राफ्टची दांडी जमिनीच्या ओढीप्रमाणे अवजार आपोआप वरखाली करते, म्हणून ती नांगरासाठी वापरावी. कडक पट्टा आला की नांगर किंचित उचलला जातो, मागच्या चाकांवर भार येतो आणि चाके घसरत नाहीत. पोझिशनवर ठेवून नांगरणारा चालक मात्र दर दहा-वीस पावलांवर हात चालवत राहतो, इंजिनाला धाप लागते आणि नांगराची सरी वाकडी पडते. अर्थात ओल्या काळ्या जमिनीत कोणतीही दांडी उपयोगी पडत नाही. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर शेतात उतरला म्हणून आपलाही उतरवावा असे वाटते, परंतु वापसा, म्हणजे मशागतीजोगी बेताची ओल, आल्याशिवाय औत घालू नये हा बैलांच्या काळातला नियम ट्रॅक्टरला अधिकच लागू आहे, कारण त्याच्या वजनाने ओली माती खोलवर दाबली जाते आणि पुढच्या पिकाची मुळे तिथे अडतात.

देखभालीतली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे एअर क्लीनर. आमच्या ट्रॅक्टरला तेलाचा एअर क्लीनर आहे. हरभऱ्यासाठी रान तयार करताना दिवसभर धूळ उडते, तेव्हा संध्याकाळी क्लिपा सोडून त्याची वाटी खाली काढली की मधासारखे दिसणारे तेल काळपट झालेले असते आणि तळाशी बोटाला लागेल इतका चिकट गाळ बसलेला असतो. तो गाळ तिथे बसला नसता तर इंजिनात गेला असता आणि पिस्टनच्या रिंगा व लायनर घासून काढले असते. वाटी डिझेलने धुवावी, पुसून कोरडी करावी आणि नवे तेल खुणेपर्यंतच भरावे. खुणेच्या वर भरलेले तेल इंजिन ओढून घेते आणि त्यातून मोठे नुकसान होते. ज्यांच्या ट्रॅक्टरला कागदी फिल्टर आहे त्यांनी तो आतून बाहेर, हलक्या हवेने साफ करावा आणि आतला छोटा फिल्टर वारंवार काढू नये.

रेडिएटरचेही असेच आहे. सोयाबीनच्या मळणीत भुसा जाळीवर बसतो आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागतो. जाळी रोज झाडावी, आत बोअरचे क्षाराचे पाणी न घालता कूलंट ठेवावे आणि इंजिन गरम असताना झाकण कोणत्याही कारणाने उघडू नये. डिझेलची टाकी संध्याकाळी भरून ठेवावी, म्हणजे रात्रीच्या गारव्यात टाकीच्या रिकाम्या भागात पाणी धरत नाही. क्लचवर पाय ठेवून चालवण्याची सवय मोटारसायकलवरून किंवा जीपवरून आलेल्यांना असते, आणि तिची किंमत क्लच प्लेटच्या बिलात दिसते.

आता जिवाशी संबंधित गोष्टी. ट्रॅक्टर बाजूला उलटतो हे सर्वांना माहीत असते, पण तो मागेही उलटतो हे अनेकांना ठाऊक नसते. चिखलात रुतल्यावर मागच्या चाकांना ओंडका बांधून पुढे काढण्याची पद्धत गावोगाव दिसते. चाक ओंडक्याने अडले की इंजिनाची ताकद चाक फिरवण्याऐवजी ट्रॅक्टरचा पुढचा भाग उचलू लागते, आणि चालकाला क्लच दाबायला वेळ मिळण्याआधीच तो मागे कोसळतो. साखळी टॉप लिंकच्या जागी, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या वर, अडकवून ओढतानाही हेच होते. म्हणून ओढायचे ते नेहमी खालच्या ड्रॉबारवरून, म्हणजे मागे खाली असलेल्या ओढपट्टीवरून, आणि रुतल्यावर चाक जागीच फिरू लागताच थांबावे, माती उकरावी, मागे घेऊन पाहावे, नाहीतर दुसऱ्या ट्रॅक्टरने काढावे. मागची दोन्ही चाके एकत्र फिरवणारा डिफरन्शियल लॉक सरळ जातानाच वापरावा आणि वळण्याआधी सोडावा. चालकाच्या डोक्यावर संरक्षक लोखंडी चौकट असेल तर पट्टा लावलाच पाहिजे. चौकट नसलेल्या ट्रॅक्टरवर मात्र पट्ट्याने स्वतःला बांधून घेऊ नये.

पीटीओ शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला पोहोचवणारा मागचा दांडा, मिनिटाला ५४० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ. उपरण्याचे टोक किंवा साडीचा पदर त्यात गेला तर ते सोडवून घेण्याइतका अवधी माणसाकडे उरत नाही. शाफ्टवरचे प्लॅस्टिकचे आवरण काम करताना अडचण होते म्हणून अनेक जण पहिल्याच आठवड्यात काढून टाकतात. ते तुटले तर नवे घ्यावे, पण उघड्या शाफ्टवर मळणी यंत्र चालवू नये. रोटाव्हेटरमध्ये तार किंवा ठिबकची नळी गुंतली की पीटीओ सोडून, इंजिन बंद करून, किल्ली खिशात घालून मगच खाली उतरावे. आमच्या घरी हा नियम सर्वांना आहे, आणि त्याने कामाचा वेळ वाया जातो असे मला एकदाही वाटलेले नाही.

जमिनीवर उभे राहून पान्याने सेल्फ शॉर्ट करून ट्रॅक्टर सुरू करणे हा दुसरा घातक प्रकार. न्यूट्रलचा आणि क्लचचा सुरक्षा स्विच त्यामुळे निकामी होतो, आणि गिअर पडलेला असेल तर मागचे मोठे चाक समोर उभ्या माणसावरूनच जाते. सेल्फ लागत नसेल तर बॅटरीची टोके घासून घट्ट करावीत, आणि तरीही लागला नाही तर त्या दिवशी काम थांबवावे.

रस्त्यावर निघताना दोन्ही ब्रेक पेडल पट्टीने जोडावेत, कारण शेतात वळण्यासाठी वेगळा ठेवलेला एकच ब्रेक रस्त्यावर वेगात दाबला गेला तर ट्रॅक्टर जागीच फिरतो. आपल्याकडील बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, त्यामुळे भरलेली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरला ढकलते. ज्या गिअरमध्ये चढ चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतार उतरावा आणि डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करू नये. ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक पट्ट्या नसतील तर सूर्यास्तानंतर ती रस्त्यावर आणूच नये.

माणसे वाहून नेण्याबद्दल मी अधिक कठोर आहे. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेडजवळच्या आलेगाव शिवारात हळदीच्या कामासाठी निघालेल्या महिला मजुरांची ट्रॉली ट्रॅक्टरसह विहिरीत पडली आणि ७ महिलांचा मृत्यू झाला. हळदीचे पीक आमच्याकडेही आहे, आमच्याकडेही मजूर लांबून येतात आणि त्यांना आणण्याचा सर्वांत सोपा मार्ग ट्रॉली हाच असतो. आम्ही त्यांच्यासाठी प्रवासी वाहनाचे भाडे देतो. तो खर्च खुशाल मजुरीच्या हिशेबात धरावा. मडगार्डवर तर लहान मुलालाही बसवू नये, कारण चाकाच्या आणि त्याच्या मध्ये काहीही नसते. शेतातल्या बिनकठड्याच्या विहिरीभोवती दगडांची किंवा खांबांची ठळक खूण करावी आणि तिच्याजवळ मागे घ्यायची वेळ आली तर एका माणसाला खाली उभे करावे. विम्याचे कागदही शांतपणे वाचावेत. शेतीसाठी घेतलेल्या विम्यात भाड्याने केलेली वाहतूक किंवा ट्रॉलीतली माणसे बसतात असे गृहीत धरणे चुकीचे आहे, आणि ट्रॉलीची नोंदणी व विमा ट्रॅक्टरपासून वेगळा असतो.

शेवटी भाड्याच्या कामाबद्दल. कर्जाचा सहामाही हप्ता डोक्यावर असतो, म्हणून नवा मालक दुसऱ्यांची रोटाव्हेटरची आणि पेरणीची कामे घेतो, आणि पेरणीच्या आठवड्यात ट्रॅक्टर रात्रीही चालू ठेवतो. माझ्या मते अपघाताचा आणि नादुरुस्तीचा सर्वांत मोठा धोका याच आठवड्यात असतो. चालक थकलेला असतो, ग्रीस राहून जाते, एअर क्लीनर उघडला जात नाही आणि ओळखीचे नसलेले शेत अंधारात नांगरले जाते. चालकाला तासावर मजुरी देण्याऐवजी दिवसावर द्यावी, म्हणजे घाईने त्याचा फायदा होत नाही. भाड्याच्या दरात तेल, फिल्टर आणि टायरची झीज आधीच धरावी, आणि अनोळखी शेतात काम घेण्यापूर्वी त्याच्या मालकासोबत दिवसाउजेडी बांध, विहीर, खड्डे आणि वरून जाणाऱ्या विजेच्या तारा एकदा चालत जाऊन पाहाव्यात.