मानेमुळे तोल जात असेल तर डोंबिवली पूर्वेच्या या फिजिओथेरपी सेंटरला नक्की जा

माझं ब्लाऊज शिवायचं काम, फॉल-पिको, हुका-बटणंही घरीच. लग्नसराईत मान दिवसभर मशीनवर वाकलेली असते. मान आखडणं, खांदे भरून येणं अंगवळणी पडलं होतं. पण दिवाळीनंतर वेगळाच त्रास सुरू झाला. रस्ता ओलांडताना गाडी बघायला मान वळवली की पाऊल नीट पडेना. गरगरायचं नाही, पण डोकं हलकं व्हायचं आणि एका बाजूला झोक जायचा. स्टेशनचा पूल कठडा धरल्याशिवाय उतरवेना.

आधी एका ठिकाणी गेले, तिथे नुसता शेक दिला आणि गळ्यात पट्टा बांधला. तोल जातो म्हटलं तर ‘वयानुसार होतं’ असं उत्तर मिळालं. याचा मला अजून राग आहे.

या सेंटरच्या मॅडमनी मानेला हात लावायच्या आधी भरपूर चौकशी केली. हुका लावताना बोटं अडखळतात का, हातातून वस्तू निसटतात का, लघवीवर ताबा आहे ना. मज्जारज्जूवर दाब असेल तरीही चाल बिघडते, आणि तसं असेल तर व्यायामात वेळ न घालवता एमआरआय काढून सर्जनला दाखवावं लागतं, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग मान वळवून मला झटकन आडवं केलं आणि डोळ्यांकडे बघत राहिल्या. कानाच्या आत तोल सांभाळणारे बारीक खडे असतात, ते जागेवरून सरकले असतील तर बुबुळं थरथरतात म्हणे. माझी थरथरली नाहीत. बीपीही आडवं असताना आणि उभं राहिल्यावर, असं दोनदा घेतलं. मानेमुळे तोल जातोय हे एका तपासणीत कळत नाही, बाकीची कारणं बाजूला काढत तिथे यावं लागतं. एक्सरेत मणके झिजलेले दिसणं तर चाळिशीनंतर त्रास नसलेल्यांतही सर्रास असतं.

मला सगळ्यात पटली ती लेझरची तपासणी. डोक्याला पट्टा, त्यावर लेझर, आणि खुर्ची भिंतीपासून 90 सेंटीमीटरवर. डोळे मिटून मान उजवीकडे वळवायची आणि पुन्हा बरोबर मध्ये आणायची. ठिपका मधल्या खुणेपासून साधारण 7 सेंटीमीटरच्या आत, म्हणजे भिंतीवरच्या वर्तुळात, परत यायला हवा. मी अगदी ठामपणे ‘आली मध्ये’ म्हटलं आणि डोळे उघडले, तर लाल ठिपका वर्तुळाच्या पार बाहेर!

मग मॅडमनी समजावलं. मानेच्या वरच्या सांध्यांतून आणि कवटीखालच्या बारीक स्नायूंतून डोकं कुठे आहे याची खबर सतत मेंदूला जाते. डोळे आणि कान यांच्या खबरीशी ती जुळली नाही की तोल डळमळतो. मग पडायच्या धास्तीने माणूस अंग आखडून चालतो, खांदे वर, हनुवटी पुढे. त्याने मानेवर आणखी ताण येतो.

व्यायाम साधेच दिले. हनुवटी आत घ्यायची, लेझरने भिंतीवरचा आठचा आकडा गिरवायचा, एका पावलापुढे दुसरं पाऊल ठेवून उभं राहायचं. मशीनवर बसल्याचा माझा व्हिडिओ मागून घेतला, आणि टेबलाच्या मागच्या पायांखाली पातळ ठोकळे लावून मशीन माझ्याकडे किंचित झुकतं करायला सांगितलं. आता सुई बघायला तेवढं वाकावं लागत नाही. हा सल्ला मला बाकी कुठेच मिळाला नव्हता. पूल आता कठड्याला हात न लावता उतरते. लग्नसराईत मान अजून दुखते, पण झोक जात नाही.

तक्रार एकच, पण मोठी आहे. सेंटर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि जिन्याला शेवटच्या वळणावर कठडाच नाही. तोल जाणारी माणसं जिथे येतात तिथे हे चालणार नाही, निदान कठडा तरी लगेच बसवा. फी आसपासच्यांपेक्षा जास्त आहे, पण पेशंटला पुरेसा वेळ देतात. संध्याकाळी गर्दी असते, तेव्हा सकाळची वेळ घ्या, जुने रिपोर्ट न्या आणि पहिल्यांदा जाताना कोणाला तरी सोबत घ्या.