साधं पिपेट की इलेक्ट्रॉनिक? अंगठ्याच्या बाजूनं विचार

लॅबसाठी पिपेट्स, म्हणजे थोडासा द्रव मोजून उचलायची आणि सोडायची हातातली उपकरणं, घ्यायची म्हटली की कोटेशनमध्ये आपण किंमत बघतो आणि अचूकता बघतो. जो अंगठा ते दिवसभर दाबणार, त्याचा रकाना कुठेच नसतो.

साध्या पिपेटवर एक नमुना उचलून टाकायला अंगठा निदान तीनदा दाबावा लागतो: द्रव घेताना, सोडताना आणि टिप (टोकाला बसवायची, वापरून टाकून द्यायची प्लास्टिकची नळी) काढताना. एलायझा या तपासणीच्या ९६ वेलच्या, म्हणजे छोट्या खळग्यांच्या, प्लेटवर दर वेलला टिप बदलली, तर एकाच टप्प्याचे २८८ दाब होतात. स्वीडनमधल्या प्रयोगशाळा कर्मचाऱ्यांवरचा एक अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. वर्षाला ३०० तासांहून जास्त पिपेटिंग करणाऱ्यांमध्ये हाताच्या आणि खांद्याच्या तक्रारींचा धोका वाढलेला त्यात दिसला. ३०० तास म्हणजे कामाच्या दिवशी साधारण एक तास. आपल्याकडे एका तासावर कुणाचं भागतं?

माझा अंगठा दुखायला लागला तेव्हा मी घरकामाला दोष दिला, कारण कळ यायची ती लिंबू पिळताना. डॉक्टरांनी अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वाकवायला लावलं आणि मी ओरडलेच. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या स्नायुबंधांच्या आवरणाला सूज आली होती. त्याला डी क्वेरवेनचा आजार म्हणतात.

दिवसाला वीस-तीस नमुने, तेही वेगवेगळ्या तपासण्यांचे, असं काम असेल तर साधं पिपेट पुरतं. फक्त हलक्या स्प्रिंगचं घ्या. जुनं आणि नवं हातात धरून एकापाठोपाठ दाबून पाहिलं की फरक लगेच कळतो. ते हलकं असतं, चार्जिंगची कटकट नाही, आणि दुरुस्तीही स्वस्तात होते.

प्लेटमागून प्लेट भरायची असेल, तर मात्र मी इलेक्ट्रॉनिकच्या बाजूची आहे. पिस्टन मोटर हलवते, बोटानं बटणाला नुसता स्पर्श करायचा. एकदा भरून तेच रिएजंट (तपासणीचं रसायन) ओळीनं बारा वेलमध्ये सोडता येतं. किंमत मात्र कैक पटींनी जास्त, आणि बॅटरीमुळे वजनही वाढतं. हात अधांतरी धरून काम केलं तर अंगठ्याचं दुखणं खांद्यावर जातं. त्यामुळे कोपर टेकायला जागा नसलेल्या बेंचवर त्याचा निम्मा फायदा वाया जातो.

आठ चॅनेलचं, म्हणजे एकदम आठ टिप लागणारं, साधं पिपेट हा मधला मार्ग. २८८ दाबांचे ३६ होतात. पण आठ टिप एकदम काढताना अंगठ्यावर जो जोर येतो, तो एका टिपच्या जोराच्या मानानं फारच मोठा असतो.

आता टिप. खरं दुखणं पुष्कळदा इथेच असतं आणि खरेदीत तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. स्वस्त, ‘सगळ्या पिपेट्सना चालते’ म्हणून घेतलेली टिप नीट बसली नाही की टेक्निशियन ती रॅकमध्ये दोन-तीनदा ठोकून बसवते. ठोकून बसलेली टिप काढायला तेवढाच जास्त जोर लागतो. आमच्या बेंचवर पिपेट तेच ठेवून नुसत्या टिप बदलल्या, तर आठवडाभरात दोघींनी आपणहून सांगितलं की इजेक्टर (टिप काढायचं बटण) हलका झालाय. पैसे थोडेच असतील तर सुरुवात इथून करा.

स्टूल आणि पायाखालचा आधार यांवर वेगळं लिहावं लागेल. वापरलेल्या टिप टाकायचा डिस्कार्ड बिन तेवढा आजच बुटका आणा. उंच बिनमुळे प्रत्येक टिपला खांदा उचलावा लागतो.

पंचवीस जणांच्या लॅबला पंचवीस इलेक्ट्रॉनिक पिपेट्स लागत नाहीत. एलायझाच्या बेंचला आठ चॅनेलचं एक इलेक्ट्रॉनिक, बाकीच्यांना हलक्या स्प्रिंगची साधी, आणि सगळ्यांना नीट बसणाऱ्या टिप, अशी मी खरेदी करीन. डेमोला विक्रेता आला की पिपेट इन्चार्जच्या हातात देऊ नका. सगळ्यात लहान हाताच्या टेक्निशियनला ग्लोव्ह घालून, तुमच्याच टिप लावून, अख्खी प्लेट भरू द्या. मग तिलाच विचारा.