लोखंडी खिडक्यांच्या जागी ॲल्युमिनियम
सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील आमच्या घराच्या लोखंडी खिडक्यांच्या चौकटी खालून गंजल्या आणि झडपा नीट लागेनाशा झाल्या, म्हणून या उन्हाळ्यापूर्वी आम्ही ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवून घेतल्या. कारागिरांनी भिंतीत रुतलेले होल्डफास्ट (चौकट भिंतीला धरून ठेवणारे लोखंडी तुकडे) काळजीपूर्वक कापले, तरीही गिलाव्याची दुरुस्ती करावी लागलीच; तो खर्च आधीच धरावा. सरकती खिडकी एका वेळी निम्मीच उघडते आणि सोलापुरात पारा 40 अंशांपुढे गेल्यावर संध्याकाळचा वारा पुरेपूर घरात यायला हवा असतो, म्हणून झोपण्याच्या खोल्यांत बिजागरीच्या झडपाच घेतल्या, हा निर्णय मला सर्वांत योग्य वाटतो. चौकटींवरचे पावडर कोटिंग (भुकटीचा रंग भट्टीत भाजून बसवलेला थर) उत्तम आहे. मात्र नव्या चौकटी लोखंडी चौकटींपेक्षा रुंद असल्याने खोलीतला उजेड थोडा कमी झाला, याची खंत वाटते.