सेप्सिस: आधी ब्लड कल्चर की आधी अँटिबायोटिक?

सेप्सिसचा (संसर्गाला शरीराचा प्रतिसाद बिघडून अवयव निकामी होऊ लागण्याचा) संशय आला की इमर्जन्सीत हा पेच पडतोच: ब्लड कल्चरसाठी (रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) अँटिबायोटिकचा डोस थांबवायचा का?

जंतू सापडण्याच्या दृष्टीने कल्चर आधीच हवं. डोसनंतर काही तासांतच पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं. मग औषध नेमकं करता येत नाही आणि रुग्ण उगाच ब्रॉड-स्पेक्ट्रम, म्हणजे अनेक जंतूंवर चालणाऱ्या अँटिबायोटिकवर अडकतो. दोन वेगळ्या जागांहून दोन सेट (सेट म्हणजे बाटल्यांची जोडी) घ्या, दर बाटलीत ८ ते १० मिली रक्त. त्वचेवर लावलेलं जंतुनाशक क्लोरहेक्सिडिन पूर्ण सुकू द्या. इथे घाई केली की त्वचेवरचे जंतू बाटलीत जातात आणि रिपोर्ट दिशाभूल करतो.

वेळ? शीर मिळाली तर काही मिनिटं. खरा उशीर बाटल्या शोधण्यात होतो, त्या आयव्हीच्या ट्रॉलीतच ठेवा. लॅक्टेटचं (आजार किती गंभीर आहे याचा अंदाज देणारी तपासणी) रक्त त्याच वेळी काढा, पण रिपोर्टसाठी डोस अडवू नका.

शॉक (रक्तदाब धोकादायक खाली) असेल किंवा सेप्सिस जवळपास नक्की असेल, तर २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार डोस १ तासाच्या आत. शीर मिळतच नसेल तर आधी डोस, गरज पडल्यास हाडातून; कल्चर नंतर. शॉक नाही आणि निदानही धूसर, तर आधी कल्चर आणि तपासण्या. संशय टिकला तर ३ तासांच्या आत डोस.